हमीद, तुझी सीडी सुरू होत नाही

हमीद,

आज पुन्हा तुझ्या घरी जाऊन आलो. संगणक आजही सुरू झाला नाही.

गेलेल्या माणसाला असली तक्रार सांगू नये हे मला कळतं. पण संगणकाची तक्रार तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडे न्यायची मला सवय नाही. वाचनालयातला प्रिंटर कागद चावायला लागला की मी तुझ्या दुकानात फोन लावायचो आणि तू हॅलोसुद्धा न म्हणता विचारायचास, "पंत, आधी सांग, वायर लावलीयस ना?" एकदाच ती लावलेली नव्हती. त्या एका वेळेच्या जोरावर तू मला पुढे कितीतरी वर्षं छळलंस.

लोक तुझ्याबद्दल बरंच बोलतात. किती देश पाहिलेस, बोटीवर रेडिओ ऑफिसर होतास, मिरकरवाड्यात संगणकाचं पहिलं दुकान कसं घातलंस, दुकानाचं शटर ओढता ओढता कसा खाली बसलास तो उठलाच नाहीस. ते तुला माहीत आहे, म्हणून मी लिहीत नाही. बोटींवर उपग्रहाची यंत्रं आली आणि त्यांनी तुमच्या रेडिओ ऑफिसरांच्या खुर्च्याच काढून घेतल्या, म्हणून तू घरी आलास. आणि घरी येऊन यंत्रांशीच संसार मांडलास. त्या यंत्रांचा मला राग यायचा, तुला कधी आला नाही. "त्यांचं काम ती करतात, त्यात राग कसला," म्हणायचास. मला ते पटलं नव्हतं. या विषयावर पुन्हा बसून बोलायचं आपलं ठरलं होतं.

तसं आपलं बरंच बोलायचं राहिलं आहे. शब्दांचंही राहिलं.

तू पहिल्यांदा वाचनालयात आलास तो शब्दकोश मागायला. तुझी मां 'भांग' म्हणायची, तो शब्द तुला छापलेला पाहायचा होता. मी एक छोटा कोश काढून दिला. त्यात तो अर्थ नव्हता. तू कोश मिटलास आणि माझ्याकडे असं पाहिलंस, जणू तो मीच छापला होता. मग मी एक कोरं कार्ड घेतलं आणि तू सांगितलंस तसं लिहिलं: भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे दिवस. तू ते वाचलंस. "बरोबर आहे," म्हणालास, "पण मां असं बोलत नाही. ती म्हणते, भांगात दर्या दमतो. आणि 'दमतो' म्हणताना तीच दमते."

तेवढ्यावरून आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत चाललं. माझं म्हणणं, शब्द कार्डावर लिहावा, खाली अर्थ द्यावा, क्रम लावावा, म्हणजे पुढच्या माणसाला सापडेल. तुझं म्हणणं, आवाज ठेवावा. तू मायक्रोफोन घेऊन म्हाताऱ्या खलाशांकडे, मासळी विकणाऱ्या बायकांकडे, आणि सगळ्यांत जास्त तुझ्या मांकडे बसायचास आणि ते सगळं संगणकात साठवायचास. मी त्यातून शब्द उतरवून घ्यायचो. "तू माझ्या माशांचे काटे काढून नेतोस आणि मांस इथेच टाकतोस," असं तू एकदा म्हणालास. मी चिडून दोन रविवार आलोच नाही. तिसऱ्या रविवारी तूच वाचनालयात आलास. भाभींनी दिलेला सांदणांचा डबा टेबलावर ठेवलास आणि त्याबद्दल काहीच न बोलता वर्तमानपत्र वाचत बसलास.

मां गेल्या त्यानंतर तू त्या फायली कुणाला ऐकवल्या नाहीस. मलाही नाही.

एकदा तू मायक्रोफोन माझ्यासमोर धरला होतास. "पंत, तुझाही आवाज घेऊन ठेवतो, ग्रंथपालांची जात दुर्मीळ होत चाललीये." मी हात आडवा केला. तो मायक्रोफोन उलटा फिरवून तुझ्यासमोर धरायचं मात्र आपल्या दोघांनाही सुचलं नाही.

तुझा चाळिसावा दिवस झाला आणि चारेक दिवसांनी तुझे वडील वाचनालयात आले. चाचांना हल्ली जवळजवळ ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी उभे राहून, बोटीवरून बंदरावर हाक मारावी तशा आवाजात ते म्हणाले, "मास्तर! सून विचारते, त्या डब्ब्यात हमीदचा आवाज हाय काय?"

सगळ्यांनी वर पाहिलं. वाचनालयात मोठ्यानं बोलणाऱ्याला मी गेली वीस वर्षं खूण करून गप्प करत आलो आहे. त्या दिवशी हात वर झालाच नाही.

नंतर त्यांच्याबरोबर चालताना मला कळलं की तुझा आवाज कुठेच नाही. फोटो आहेत. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, पण व्हिडिओवाल्यानं तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी घातली आहेत. त्यात तू हसतोस, कुणाला तरी हाक मारतोस, तुझे ओठ हलतात आणि वर एक बाई गात असते. भाभींनी ती कॅसेट आवाज बंद करूनही पाहिली म्हणे. आता उरला तो संगणक. आणि तो पावसात कधीतरी बिघडला होता. निळा पडदा यायचा आणि तिथेच थांबायचा. बाजारातल्या एका दुकानदाराला चाचांनी बोलावलं होतं. तो पाहून म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल, आतलं सगळं जाईल, पण मशीन नव्यासारखं होईल. भाभींनी आतूनच सांगितलं, हात लावू नका.

तेव्हा मला तुझी सीडी आठवली.

दोनेक वर्षांपूर्वी तू ती मला दिली होतीस. लिनक्सची लाइव्ह सीडी. तेव्हा तू लिनक्सवर असा बोलायचास की ऐकणारा घरी जायची वेळ विसरायचा. मी विचारलं होतं, हिचं काम काय. तू म्हणालास, "घरात मयत झाली की चूल पेटवत नाहीत ना आपल्याकडे? शेजारून जेवण येतं. तसं समज. मशीनची चूल बंद पडली तरी ही बाहेरून सगळं घेऊन येते. घरातल्या कशालाही हात न लावता घर चालतं. मग आरामात आत जायचं आणि आपलं सामान बाहेर काढायचं." हे तू हसत हसत, भजी खाता खाता सांगितलं होतंस.

मी सीडी घेऊन तुझ्या घरी गेलो.

भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यानंतरच्या त्या चार महिने दहा दिवसांत. माझ्यासमोर येत नाहीत, तसं अपेक्षितही नाही. संगणक बाहेरच्या खोलीत, दाराला फुलांचा पडदा, पडद्याच्या आत त्या, आणि खिडकीपाशी आरामखुर्चीत चाचा. मी इतकी वर्षं तुझ्या घरी येत होतो, पण तुझ्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो. ती एका बाजूला कलते हे मला त्या दिवशी कळलं.

सीडी घातली, बटण दाबलं. पंखा फिरला. आणि तोच निळा पडदा.

"भाऊ, काय दिसतंय?" आतून आवाज आला.

"निळंच."

"सीडी घातलीत ना?"

"घातली. पण ते तिच्याकडे बघतच नाही."

मग भाभी म्हणाल्या, "तो बटण चालू केलान की लगेच एक दुसरं बटण दाबत राहायचा. टकटकटक. कोंबडी दाणे टिपते तसा."

"कुठलं बटण?"

"ते कसं सांगू? उजव्या हाताचं. मी भाकऱ्या करत असायची, मला तेवढा हात दिसायचा."

उजव्या हाताची सगळी बटणं मी एकेक करून दाबली. दर वेळी मशीन बंद, पुन्हा चालू, टकटकटक. चाचा म्हणाले, "मास्तर, दरवाजा वाजवताय काय?" शेवटी डिलीटच्या बटणानं एक राखाडी पान उघडलं, इंग्रजी शब्दांनी भरलेलं. मी ते भाभींना मोठ्यानं वाचून दाखवलं. चालू होताना मशीननं आधी काय पाहायचं, मग काय पाहायचं, असा तिथे क्रम होता. त्यात हार्डडिस्क पहिली होती. मी सीडी पहिली केली. क्रम लावणं मला जमतं. पण बाहेर पडताना त्यानं विचारलं की केलेले बदल ठेवायचे का, आणि मी नाही म्हटलं.

"नाही का म्हटलात?" भाभींनी विचारलं.

"हमीदचं मशीन आहे. आपण कशाला त्यात बदल करून ठेवायचा."

पडद्यामागे भाभी हसल्या. तू गेल्यापासून मी त्या घरात हसणं ऐकलं नव्हतं. "अवो भाऊ, बदल ठेवलाच नाय तर ते ऐकणार कसं तुमचं?" आणि हसता हसता आवाज कुठे वळला ते मला कळलं. मी मान खाली घालून पुन्हा डिलीट दाबत बसलो.

पुढचा टप्पा असा आला की काळ्या पडद्यावर एक ओळ यायची आणि तिच्या टोकाशी एक रेघ लुकलुकत राहायची. मला वाटलं, अडकलं. मी बंद केलं. पुन्हा तेच. पुन्हा बंद. किती वेळा, ते आता आठवत नाही. भाभींनी विचारलं, "ते काय म्हणतं?" मी म्हटलं, काही म्हणत नाही, नुसती रेघ लुकलुकते. "मग एंटर दाबा की," त्या म्हणाल्या, "तो दाबायचा. जोरात. मी आतून ओरडायची, टेबल मोडशील."

मी एंटर दाबला. हमीद, मग अक्षरं धावायला लागली. खालून वर, पांढरी, मला एकही कळलं नाही इतक्या वेगानं. मी म्हणालो, "भाभी, चाललंय!" आणि त्याच वेळी सीडीच्या खणातून खडखड यायला लागली, अक्षरं थांबली, आणि पडदा काळा झाला.

"असा आवाज नाय करायची," भाभी आतून म्हणाल्या. "त्याची सीडी घूं करायची. ही खडखडते. काय लागतंय काय तिला?"

मी सीडी बाहेर काढली. ती गरम होती. वरच्या बाजूला, मध्यापासून जरा डावीकडे, वाचनालयाचं कागदी लेबल होतं. डिंकानं चिकटवलेलं, दाखल क्रमांक घातलेलं, आणि दोन पावसाळ्यांच्या दमटपणानं फुगलेलं. मी हाती येईल त्याला लेबल लावतो, तू हे जाणतोस. पुस्तकाबरोबर आलेल्या सीड्यांना लावतो, त्यांतच तुझ्या सीडीलाही लावलं होतं. एका बाजूला कागदाचं वजन, म्हणून ती फिरताना डगमगत होती. तू पाहिलं असतंस तर मला वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभं करून ओरडला असतास.

लेबल काढलं की काम होईल, असं मला वाटलं. भाभींनी पडद्याखालून कोमट पाण्याची वाटी आणि मऊ फडकं सरकवलं. मी ते पुस्तकाच्या जुन्या कव्हरवरचं लेबल काढतात तसं भिजवलं आणि हळूच कड उचलली. हे काम मी चांगलं करतो. लेबल अख्खं निघालं. आणि त्याच्याबरोबर सीडीवरचा रुपेरी पापुद्राही निघाला. मी सीडी खिडकीकडे धरली, तर लेबलाच्या आकाराच्या त्या चौकोनातून मला आरामखुर्चीतले चाचा दिसले.

"निघालं?" आतून विचारलं.

मी सीडी मांडीवर ठेवली. मग म्हणालो, "निघालं, भाभी. पण सीडी गेली."

त्यांनी मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "चहा घ्या."

दुसरी आणायची कुठून? टेलिफोनच्या तारेवरून एवढी मोठी फाइल उतरवायला आपल्याकडे आठवडे लागले असते, हे तूच सांगायचास. पण तुझ्या दुकानात सीड्यांची चवड होती. फसलेल्या, चाललेल्या, सगळ्या तू जपून ठेवायचास. मी चाचांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, दुकानाची किल्ली आहे का, हमीदच्या सीड्या हव्यात.

"कसल्या?"

मी ती भोक पडलेली सीडी दाखवली.

"ह्या चकत्या?" चाचा म्हणाले. "त्या मी आणल्या कधीच. दुकान रिकामं करायचं होतं. वाळवणावर टांगल्यात."

घराच्या मागे जवळा आणि मांदेली वाळत घातली होती. त्यावर बांबूंना दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांना तुझ्या सीड्या. वाऱ्यानं फिरत होत्या. त्यांचे कवडसे मासळीवर, भिंतीवर, माझ्या सदऱ्यावर. कावळ्यांना भिववायला. चाचा काठी टेकत माझ्यामागून आले. "पहिले आठ दिवस घाबरले," ते म्हणाले. "आता त्यांनाही समजलं. दोरीवर बसून स्वतःचं तोंड बघतात त्यात."

मी एकेक सीडी हातात धरून वाचत गेलो. तुझं अक्षर उन्हानं उडालेलं, वर मिठाचा थर. एकीवर 'फसली', दुसरीवर 'पुन्हा फसली', एकीवर नुसतं हट्! असं लिहिलेलं. पलीकडच्या अंगणातून एक बाई ओरडली, "मास्तर, काय परीक्षेचा निकाल लागला काय?" चाचांना ऐकू आलं नाही. मी पुढची सीडी हातात धरली. सूर्य खाली चालला होता. मला वाटत होतं की मी काहीतरी फार मूर्खपणाचं करतो आहे, मित्राच्या सुकत्या मासळीत उभा राहून त्याचं अक्षर शोधतो आहे, आणि हे सोडून मला करण्यासारखं दुसरं काही नाही.

बाहेरच्या दोरीवर, कुंपणाजवळ एक सापडली. लाइव्ह, आणि खाली: चालते.

भाभींनी ती पिण्याच्या पाण्यानं धुऊन दिली. विहिरीचं पाणी मचूळ आहे म्हणाल्या. मी ती मधून बाहेर अशी पुसली, तू शिकवलं होतंस तशी. मासळीचा वास काही गेला नाही. तीनदा ती काळ्या पडद्यावर थांबली. चौथ्यांदा अक्षरं धावली, थांबली, मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो, पुन्हा धावली. खणातून घूं असा एकसारखा आवाज येत होता. पडद्याआड भाभीही ऐकत असणार, कारण कुणीच काही विचारलं नाही. आणि मग रंग आले. एक साधा निळसर पडदा, त्यावर छोटी छोटी चित्रं. त्यांत एक तुझ्या हार्डडिस्कचं. मी ते उघडलं. डिस्क आतून टकटक करत होती, वाळवी पोखरते तसं काहीतरी. पण नावं दिसली. एका फोल्डरचं नाव होतं 'मां'.

आत बऱ्याच फायली होत्या. मी वरची पहिली उघडली. दुसरं काही निवडायचं मला सुचलं नाही.

आधी पंख्याचा आवाज. लांबून बंदरावर लिलाव करणाऱ्याचा. मग मां बोलायला लागल्या. त्यांचा नवरा तरणा असताना एकदा बोट घेऊन गेला आणि ठरल्या दिवशी परतला नाही, तेव्हाची गोष्ट. रोज संध्याकाळी बाकीच्या बायकांबरोबर त्या धक्क्यावर जायच्या. भांग होता, दर्या दमलेला होता, त्यात बोट अडकायचं कारणच नव्हतं, म्हणून भीती जास्त वाटत होती. एवढं बोलून त्या थांबल्या. बराच वेळ नुसता पंखा. आणि मग तू, अगदी जवळून, मायक्रोफोनच्या इतका जवळ की श्वाससुद्धा आला:

"मग?"

मां पुन्हा बोलायला लागल्या. मी पडद्याकडे पाहिलं नाही. फुलांचा पडदा हलला एवढं कळलं. पुढे पुन्हा त्या थांबल्या आणि पुन्हा तू म्हणालास, "मग?" अख्ख्या फायलीत तुझं बोलणं तेवढंच आहे.

चाचा उठून टेबलापाशी आले. "लागलं काय? कोण बोलतं?" मी त्यांच्या कानाशी सांगितलं, हमीदची मां बोलतात. हमीद विचारतो. त्यांनी कान स्पीकरला लावला, मग काढला, मान हलवली. मग तळहात स्पीकरवर ठेवला आणि मां बोलत होत्या तोवर तो तिथेच ठेवून उभे राहिले. ती त्यांचीच गोष्ट होती. ती सांगणारे दोघंही आता नाहीत, आणि त्यांना एक शब्द ऐकू येत नव्हता.

"एवढंच बोलला तो?" फाइल संपल्यावर भाभींनी विचारलं.

"सांगत मां होत्या, भाभी. तो ऐकत होता."

"परत लावा."

मी परत लावलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी मां धक्क्यावर पोचल्या आणि आवाज तिथेच अडकून तेच अक्षर पुन्हा पुन्हा वाजायला लागलं. मी घाबरून काहीतरी दाबलं. सगळं गोठलं. डिस्कची टकटक थांबली.

मिरकरवाड्याचा चढ चढताना मला सुचलं की स्पीकरसमोर साधा टेपरेकॉर्डर धरला असता तरी पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट घेऊन गेलो. सीडी सुरू झाली नाही. त्यानंतर दर रविवारी जातो. कधी अक्षरं धावतात, कधी तीही नाहीत. एकदा रंगही आले, पण तुझ्या डिस्कचं चित्रच दिसलं नाही. मुंबईला कुणीतरी अशा डिस्का उघडून देतो म्हणतात. भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, इद्दत संपू दे, मग बघू, एवढ्यात त्याला घराबाहेर पाठवायला नको. मी 'डिस्कला' म्हणालो होतो. त्या 'त्याला' म्हणाल्या.

आपल्या भांडणाचं मी आता काय करू, हमीद? आवाज ठेवायला हवा, हे तुझं खरं होतं, आणि ठेवलेला आवाज तुझ्याच मशीनमध्ये अडकून बसला आहे. माझी कार्डं वाचनालयात नीट आहेत, क्रमवार आहेत, आणि त्यांतल्या एकाही कार्डावर तू नाहीस. हे ऐकून तू काय म्हणाला असतास याचा मी पुष्कळ विचार केला. मला तुझं वाक्य बनवता येत नाही.

आज मशीन चालू केलं, तर रेघसुद्धा आली नाही.

"काय दिसतंय, भाऊ?"

"काळं."

"असू दे," भाभी म्हणाल्या. "बसा जरा. चहा टाकलाय."

मी बसलो. चाचा खुर्चीतच झोपले होते. पडद्याखालून कप आला. आणि आतून, मी काही विचारलं नसताना, भाभी सांगायला लागल्या. लग्नानंतर पहिल्यांदा तू बोटीवर गेलास तेव्हाचं. जाताना तू त्यांना म्हणाला होतास की रोज अमुक वाजता घड्याळाकडे बघ, मीही त्याच वेळी बघेन. मग तीन महिन्यांनी तुझा फोन आला, आणि त्यांना कळलं की तिकडचं घड्याळ वेगळं चालतं आणि तुम्ही दोघं इतके दिवस वेगवेगळ्या वेळी बघत होतात. "मी फोनवर एवढी चिडली," भाभी म्हणाल्या, "नि त्याला हसू आवरेना. मी म्हटलं, हसतोस काय? तर म्हणालान..."

आणि त्या थांबल्या.

पंखा फिरत होता. बाहेर कावळे. तिथे तू काय म्हणाला असतास ते आता मला माहीत आहे, हमीद. एवढासा शब्द आहे, मां थांबल्या की तू म्हणायचास तो. त्या पडद्यापलीकडे कुणीतरी तो म्हणायची वाट पाहत होतं, हेही मला कळत होतं. मी कप खाली ठेवला, दोनदा तोंड उघडलं, आणि काही केल्या तो माझ्या तोंडून निघाला नाही.